आवाज गेला कुठे?

सकाळचे साडेदहा. अकराला व्हिडीओवर इंटरव्ह्यू. पडेगावात माझा मामेभाऊ वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली बर्म्युडा अशा अवतारात कॉम्प्युटरपुढे बसलेला. स्क्रीन चालू, नेट चालू, आवाज मात्र गुल! लगेच मला फोन, ‘ताई, हे तुझं लिनक्स!’

‘तुझं’ म्हणायचं कारण, ते मीच टाकून दिलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि त्याच्या जुन्या डबड्याला विंडोज ११ झेपणारं नव्हतं. नोकरीच नाही तर नवा पीसी कुठून आणणार? म्हणून लिनक्स मिंट. फुकट आणि हलकं.

मी सिडकोत. स्कूटीवर निघाले असते तरी छावणी ओलांडेपर्यंत अकरा वाजले असते. म्हणजे जे काय करायचं ते फोनवरच. पहिला सल्ला टिपिकल, ‘रीस्टार्ट कर.’ त्यात पाच मिनिटं फुकट गेली.

मग जरा डोकं चालवलं. लिनक्समध्ये आवाजाचा फंडा दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर ‘अल्सा’, साउंड कार्डाशी थेट बोलणारा. वरच्या मजल्यावर एक ट्रॅफिक पोलीस, कुठल्या अ‍ॅपचा आवाज कुठल्या स्पीकरकडे सोडायचा ते ठरवणारा. पूर्वी ही ड्युटी पल्सऑडिओकडे होती. २००८ मध्ये उबुंटूत ते आलं तेव्हा त्यानं लोकांना सॉलिड पिडलं. आता तिथे पाइपवायर आहे. मिंटमध्ये २०२४ च्या २२ व्या आवृत्तीपासून. बहुतेक वेळा आवाज मेलेला नसतो, भलतीकडे गेलेला असतो.

‘साउंड सेटिंग्ज उघड. आउटपुटमध्ये काय दिसतंय?’

‘दोन नावं आहेत. एचडीएमआय सिलेक्ट झालंय.’

सापडला! आदल्या रात्री साहेबांनी मित्राचा मोठा मॉनिटर एचडीएमआय केबलनं जोडला होता. आवाज गुपचूप त्या केबलमधून मॉनिटरकडे जात होता आणि त्या बिचाऱ्याला स्पीकरच नव्हते! ‘अ‍ॅनालॉग’वर क्लिक केलं, टेस्टचं बटण दाबलं, ‘फ्रंट लेफ्ट’ असा बाईचा आवाज मला फोनवरही ऐकू आला.

पण इनपुटची पट्टी हलेना. माइकची पिन निळ्या भोकात! गुलाबी, बाबा, गुलाबी. दहा बावन्न.

तुमच्या यादीत नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसलं, तर मामला वेगळा. सिस्टीमला साउंड कार्ड दिसतच नाहीये. टर्मिनलमधून पाइपवायर आणि वायरप्लंबर या दोन सेवा रीस्टार्ट करून बघा. त्या तुमच्याच लॉगिनखाली चालतात, म्हणून सुडो लागत नाही. कार्ड दिसतंय, तरी शांतता? मग टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा. पट्टीखाली ‘एमएम’ लिहिलेलं असेल तर तो चॅनेल म्यूट आहे. की-बोर्डवरचं एम दाबलं की तिथे दोन शून्यं येतात. तिथेच ‘ऑटो-म्यूट’ही असतं. हेडफोनची पिन पुढच्या भोकात विसरलात की ते मागचे स्पीकर गप्प करतं. या एका पिनेपायी मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय, पण ते मामेभावाला अजून सांगितलेलं नाही.

अकरा वाजून तीन मिनिटांनी त्याचा मेसेज आला, ‘मला सगळं नीट ऐकू येतंय. समोरच्या मॅडमच म्यूटवर आहेत. सांगू का?’