आपला ठावठिकाणा आपणच सांगायचा

अलास्काच्या नैर्ऋत्येला कुस्कोक्विम नदीकाठी बेथेल हे गाव आहे. अँकरेज या मोठ्या शहराहून तिथं जायला रस्ता नाही आणि आसपासच्या वस्त्यांनाही रस्त्यांनी जोडलेलं नाही. नदी गोठली की बर्फावरून गाड्या धावतात, उन्हाळ्यात होड्या चालतात, पण या वस्त्यांसाठी बारमाही वाहन म्हणजे लहान सेस्ना विमान. शाळकरी पोरं, आजारी माणसं, डायपर, शीतपेयांचे खोके, सगळं त्यातूनच. किराण्याचा बराचसा माल तर चक्क टपाल म्हणून जातो. 

१९९०च्या दशकात या विमानांची रीत अशी होती. रडारची नजर सरळ रेषेत जाते. डोंगर आणि पृथ्वीची वक्रता यांच्या आड गेलेलं खालचं विमान अँकरेजच्या हवाई नियंत्रकाच्या पडद्यावर दिसायचंच नाही. मग नियंत्रकापुढे एकच मार्ग उरे. ढगाळ हवेत एक विमान आत सोडायचं, वैमानिकाने ‘उतरलो’ असं कळवेपर्यंत बाकीच्यांना घिरट्या घालायला लावायचं. पाठीमागे माल पडून आहे, दिवस तोकडा आहे. म्हणून अनेक वैमानिक नियंत्रकाच्या भानगडीत न पडता ढगांच्या पोटाखालून, जमीन डोळ्यांनी बघत उडत. धुक्यात टेकडीवर आपटलेल्या विमानांची यादी अलास्कात मोठी आहे.

१९९९मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने इथं ‘कॅपस्टोन’ प्रकल्प सुरू केला. नवी रडार उभारण्याऐवजी त्यांनी सुमारे २०० व्यावसायिक विमानांत सरकारी खर्चाने यंत्रं बसवली. ही यंत्रं पार्सलं पोचवणाऱ्या युपीएस कंपनीच्याच एका शाखेने बनवली होती. पुढे ती शाखा गार्मिनने घेतली. त्यात एक जीपीएस, एक नकाशाचा पडदा आणि एक प्रक्षेपक. जीपीएसने काढलेलं स्थान, जोडीला उंची, वेग आणि विमानाची ओळख, असा संदेश प्रक्षेपक दर सेकंदाला हवेत सोडतो. जमिनीवरचा छोटासा स्वस्त ग्राहक तो पकडून अँकरेजला पाठवतो. फिरणारं रडार त्याच विमानाकडे पुन्हा वळायला पाच ते बारा सेकंद घेतं. विमानाने आपलं स्थान असं आपणच सांगत राहण्याच्या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात.

वेळही नेमकी होती. मे २०००पर्यंत अमेरिकी सैन्य नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. हे मिसळणं थांबलं आणि अचूकता एका रात्रीत सुधारली. १ जानेवारी २००१ रोजी अँकरेजच्या नियंत्रकांनी बेथेलभोवतीची विमानं या संदेशांच्या भरवशावर रडारसारखी हाताळायला सुरुवात केली.

वैमानिकांना मात्र नियंत्रकापेक्षा स्वतःपुढचा पडदा अधिक भावला असावा, असं मला वाटतं. धोक्याच्या उंचीची टेकडी त्यावर लाल दिसे, शेजारचं विमान दिसे, पुढचं हवामानही दिसे. नियंत्रकाला जे कळतं ते वैमानिकालाही कळावं, ही रडारच्या काळात नसलेली गोष्ट होती. ही यंत्रं बसवलेल्या विमानांचे अपघात घटले, आणि २००७ची प्रतिष्ठेची कोलियर ट्रॉफी एडीएस-बी उभारणाऱ्या चमूला मिळाली.

समुद्रावर तर रडार ठेवणार कुठे? मुंबईच्या नियंत्रकांच्या वाट्याला अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. तिथं वैमानिक एचएफ रेडिओच्या खरखरीतून आपली जागा तोंडी सांगत. आता बऱ्याच विमानांचे संगणक ती ठरावीक अंतराने उपग्रहामार्फत आपोआप कळवतात. २०१९पासून थेट इरिडियमच्या उपग्रहांवर बसवलेले ग्राहकही एडीएस-बीचे संदेश ऐकत आहेत.

एडीएस-बीचं दुखणं एकच, पण मुळातलं. रडार विमानाला बाहेरून पाहतं. इथं विमान सांगेल ते खरं मानायचं. जीपीएसच फसलं तर विमान निरागसपणे चुकीची जागा सांगेल. म्हणून प्रत्येक संदेशात ‘माझ्या स्थानावर किती विश्वास ठेवावा’ हा आकडाही जातो. पण संदेश उघडा असतो, त्याला सही नसते, आणि खोटे जीपीएस संकेत सोडणं आता युद्धक्षेत्रांत नित्याचं झालं आहे. अमेरिकेने १ जानेवारी २०२०पासून बहुतेक गजबजलेल्या आकाशात हे यंत्र सक्तीचं केलं, तरी रडार पूर्ण मोडीत काढली नाहीत. जीपीएस बंद पडलं तर विमानांवर नजर ठेवायला पर्याय म्हणून त्यांतली काही चालू ठेवली आहेत.