नशेचे भास, कायद्याचे फास आणि आपली पोरे

ऑगस्ट २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर समुद्राने चरसाची पाकिटे आणून टाकली. दापोली तालुक्यातील कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे, मुरुड, बुरोंडी ही गावांची नावे काही दिवस रोज वर्तमानपत्रांत झळकत होती. कस्टम्स खात्याने आणि पोलिसांनी किनारे पिंजून काढले आणि दोनशे किलोहून अधिक चरस जप्त केला. बातमी चार दिवस गाजली, पाचव्या दिवशी विरली. ज्या दापोलीजवळ माता रमाईंचे वणंद आहे आणि ज्या जिल्ह्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, तिथल्या आंबेडकरी माणसाने मात्र हा विषय चार दिवसांत संपवू नये, असे आम्हाला वाटते.

कारण प्रश्न साधा आहे. पहाटे किनाऱ्यावर कोण असतो? रापण ओढणारा, जाळे विणणारा, कालवे-शिंपले गोळा करणारी बाई, वाळूवर क्रिकेट खेळायला आलेली वाडीतली पोरे. बंगल्यात झोपलेला पर्यटक नसतो. एखादे बांधीव पाकीट सापडले आणि 'बघू काय आहे' म्हणून कुणी घरी नेले, तर कायदा त्याला काय म्हणतो, हे त्या पोराला कोणी सांगितले आहे काय?

आम्ही सांगतो. १९८५ च्या एन.डी.पी.एस. कायद्यानुसार एक किलोच्या वर चरस हे 'व्यावसायिक प्रमाण' ठरते. शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे, आणि दंड एक लाखापासून पुढे. कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद. कलम ३५ आणि ५४ अशी आहेत की माल तुमच्या ताब्यात सापडला, की तुम्हाला त्याची जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते आणि 'मला ठाऊक नव्हते' हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. इतर फौजदारी खटल्यांत सिद्ध करायचे ते सरकारने, इथे उलटे आहे. म्हणून पहिला नियम पाठ करा : असे पाकीट दिसले तर हात लावू नका, उघडू नका, घरी नेऊ नका. पोलीस पाटलाला किंवा पोलीस ठाण्याला चार लोकांच्या साक्षीने कळवा.

भास म्हणजे काय?

चरस, गांजा, भांग ही एकाच झाडाची लेकरे. ती मुख्यतः गुंगी आणणारी आहेत, जास्त प्रमाणात घेतली तर भासही होतात. परंतु ज्यांचा मुख्य गुणच भास निर्माण करणे हा आहे, असा एक वेगळा वर्ग आहे. एल.एस.डी., 'मॅजिक मशरूम' म्हणून विकली जाणारी अळंबी आणि त्यातील सिलोसायबिन, मेक्सिकोतील पेयोटी निवडुंग, आणि आपल्या परसात, उकिरड्यावर उगवणारा धोतरा. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला सिंधुदुर्ग आणि त्याला लागून गोवा. तिथल्या हणजूणच्या किनाऱ्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी आले, आणि त्यांच्याबरोबर एल.एस.डी.ही आली. आज रेल्वे आणि महामार्गाने गोवा रत्नागिरीपासून काही तासांवर आहे. तेव्हा 'हे श्रीमंतांचे चाळे, आपल्याला काय त्याचे' असे म्हणून चालणार नाही.

एल.एस.डी. अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये बाझेल येथील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केली. तिचा मेंदूवरचा परिणाम त्याला १९४३ मध्ये स्वतःच्या अनुभवाने कळला. ग्रॅमचा दहा हजारावा भागही माणसाला आठ ते बारा तास भानाबाहेर ठेवतो. मेंदूतील सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या जागा हे द्रव्य बळकावते. मग रंग हलतात, आवाज दिसतात, काळ थांबतो, 'मी' आणि 'जग' यांतली रेघ पुसली जाते. कुणाला ते सुखाचे वाटते, कुणाला मरणाच्या भीतीसारखे.

खरे बोलले पाहिजे. दारू किंवा हेरॉइनसारखी शारीरिक ओढ एल.एस.डी. किंवा अळंबी लावत नाही. 'एकदा घेतली की मेलाच' असे पोरांना सांगितले, की ती आपल्यावरचा विश्वास गमावतात. धोके वेगळे आहेत. भासाच्या भरात माणूस गच्चीवरून, कड्यावरून, पाण्यात जातो. ज्याच्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मनोविकार आहे, त्याच्यात तो विकार उफाळून येऊ शकतो. काहींना नशा उतरल्यावरही महिनोन्महिने डोळ्यांसमोर आकृत्या दिसत राहतात. आणि एल.एस.डी. म्हणून विकलेल्या कागदावर प्रत्यक्षात एन-बोम नावाचे भलतेच रसायन असू शकते. त्याने जगात अनेक जीव गेले आहेत. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा पोरगा स्वतःचा मेंदू अनोळखी माणसाकडे गहाण टाकत असतो.

धोतरा या सर्वांत घातक. त्यातील अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही विषे आहेत. तोंड कोरडे पडते, बुबुळे मोठी होतात, अंग तापते, लघवी अडते, माणूस नसलेल्या माणसांशी बोलतो, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. औषधी मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांत अंतर फार थोडे. एका झाडाच्या बिया दुसऱ्या झाडाच्या बियांएवढ्याच तीव्र असतील असेही नाही. वाटमारी करणारे ठग प्रवाशांना धोतराच देत असत. मूल धोतऱ्याचे बी खाऊन बरळू लागले तर लिंबू-ताक पाजत बसू नका, अंगारा लावू नका, सरळ दवाखाना गाठा.

अंगात येणे आणि इस्पितळ

अंगाऱ्याचा विषय निघालाच आहे. कोकणात देवदेवस्कीचा पगडा आजही आहे. भास होणाऱ्या पोराला आधी भगताकडे नेतात, कौल लावतात, कोंबडे मागतात. सहा महिने त्यात जातात, कर्ज होते, आणि मग शेवटी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा रस्ता धरतात. ठाणे, येरवडा, नागपूर यांच्या जोडीने सरकारने चालवलेले हे जुने रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. परंतु 'वेड्यांचे इस्पितळ' या शिक्क्याच्या भीतीने आपली माणसे त्याची पायरी टाळतात. भासाला उपचार आहे. भूत म्हणून मारहाण करणे हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून आलेल्या मनोविकारालाही आजार मानले आहे. आजारी माणूस उपचाराचा हक्कदार असतो.

आणि शिक्का मारण्याची घाई किती जुनी आहे ते पाहा. गांजाने माणसे वेडी होतात, अशी ओरड झाली म्हणून ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षीदार तपासले. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी पाहिल्या, तेव्हा आढळले की 'वेडाचे कारण : गांजा' हे कित्येकदा पोलिसांनी किंवा कारकुनाने तपास न करता भरलेले होते. अति सेवन घातक, पण नोंदी भरवशाच्या नाहीत, असा निष्कर्ष निघाला. गरीब माणसाच्या दुखण्याचे कारण त्याच्याच माथी मारून मोकळे व्हायचे, ही सवय तेव्हाचीच.

कागदाचे वजन आणि माणसाची किंमत

आता कायद्याच्या तराजूकडे वळू. एल.एस.डी.चे 'अल्प प्रमाण' दोन मिलीग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण शंभर मिलीग्रॅम. हे द्रव्य कागदाच्या चिमुकल्या तुकड्यावर शोषून विकतात. वजन कशाचे करायचे, द्रव्याचे की कागदासकट? हिरा सिंग खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील निरुपद्रवी पदार्थाचेही वजन धरावे असे ठरवले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एल.एस.डी.चा कागदही वजनात धरला. हिशेब करा. साध्या कागदाचा एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा सुमारे आठ मिलीग्रॅम भरतो. म्हणजे एका तुकड्यातच अल्प प्रमाणाची हद्द ओलांडली, आणि बारा-तेरा तुकड्यांत दहा वर्षांची शिक्षा! उलट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात म्हटले, की अळंबी हे मिश्रण नाही, निसर्गाची वस्तू आहे, तिच्या सगळ्या वजनाला द्रव्य म्हणता येणार नाही. एकाच कायद्याचे दोन तराजू. मोठा वकील लावू शकणारा या फटीतून बाहेर पडतो. वाडीतला पोरगा तारखांवर तारखा मोजतो.

आणि भांग? एन.डी.पी.एस. कायद्याच्या कलम २ मधील गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने आणि बिया वगळल्या आहेत. म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहिली, राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली फक्त परवान्याचा विषय झाली. महाशिवरात्रीला आणि होळीला पितात ती 'परंपरा' आणि 'प्रसाद', तर वाडीतल्या पोराच्या खिशातली गांजाची पुडी मात्र 'गुन्हेगारी'! नशा एका झाडाची, पण एकीला देवाचा आधार आहे. आम्ही भांगेची वकिली करीत नाही, आणि पुडीचीही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की व्यसन हे व्यसन आहे. त्याला सोवळे-ओवळे लावू नका.

जगातही हेच घडले. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने पन्नासच्या दशकात एल.एस.डी.चे प्रयोग केले ते कुणावर? केंटकीतील लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैद्यांवर, आणि त्यांतले बहुसंख्य काळे होते. सात कैद्यांना सलग ७७ दिवस हे द्रव्य देण्यात आले. मेक्सिकोत मारिया सबिना ही माझातेक आदिवासी वैदू अळंबीचा उपयोग रोग्यांसाठी करीत होती. १९५७ मध्ये एका अमेरिकन बँकरने तिच्या विधीची कहाणी मासिकात छापली. हौशी गोऱ्यांची रांग लागली, गाव विसकटले, मारियाचे घर जाळले गेले. ज्ञान आदिवासींचे, मौज पाहुण्यांची, शिक्षा मारियाला! अमेरिकेतील मूलनिवासींना पेयोटी विधीच्या हक्कासाठी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात हार पत्करावी लागली. १९९४ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा तो हक्क मिळाला.

आज याच द्रव्यांवर औषध म्हणून संशोधन चालू आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन देण्याची मुभा दिली. विज्ञानाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्येही औषधी उपयोगाचा अपवाद आहेच. परंतु रुग्णालयात, तपासणी करून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिलेली मात्रा वेगळी आणि किनाऱ्यावरच्या पार्टीत जिभेवर ठेवलेला कागद वेगळा.

धम्म भानाचा आहे

काही पाश्चात्त्य मंडळी सांगतात की एल.एस.डी.ने 'निर्वाण' दिसते. गोव्याच्या दुकानांत बुद्धाची मूर्ती असल्याच रंगीत कपड्यांवर छापलेली असते. याचा आम्ही स्पष्ट शब्दांत निषेध करतो. तथागतांनी दिव्य दर्शनाचे दुकान मांडले नाही. पाचव्या शीलाचा गाभा 'पमाद' म्हणजे बेसावधपणा हा शब्द आहे. सावध मन गमावलेला माणूस पहिली चार शीलेही राखू शकत नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे ती यासाठीच. प्रज्ञा म्हणजे जग जसे आहे तसे पाहणे. हजारो वर्षे ज्यांना पूर्वजन्माच्या पापाचा भास दाखवून गुलाम ठेवले, त्यांनी आता विकतचे भास कशाला घ्यायचे?

तरीही आकड्यांचे भान ठेवू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारू पिणारे १४.६ टक्के, तर भासकारक द्रव्ये घेणारे ०.१२ टक्के आढळले. आणि १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के मुले पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर असले काही हुंगतात. म्हणजे आपला पहिला शत्रू अजूनही दारूच आहे, आणि पोरांचा शत्रू कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. एल.एस.डी.च्या बातम्यांनी घाबरून जाऊन गुत्त्याकडे डोळेझाक करू नका.

मग करायचे काय? विहारातील रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. पोर सापडले तर त्याला वाळीत टाकू नका. कलम ६४अ नुसार अल्प प्रमाणात किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावरील खटला टळू शकतो. कलम ३९ खाली न्यायालय त्याला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकते. हे अर्ज फार थोडे वकील करतात. अंगझडती होत असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीची मागणी करण्याचा हक्क कलम ५० देते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे क्रमांक विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

समुद्र पुन्हा काय आणून टाकील ते आपल्या हातात नाही. आपले पोर त्याला हात लावील की नाही, आणि लावलाच तर घर आणि समाज त्याच्या मागे उभा राहील की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. जय भीम!