बेताचे पाणी, पाच एकर रान : कोणते पीक किती?



विहिरीला पाणी बेताचे. कांदाही लावायचाय, हरभराही पेरायचाय. मग कोणते किती? असा हिशेब सोडवायच्या रीतीला ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ साली ती बसवून दिली. कारखान्यात वापरतात, तशी शेतातही चालते.

समजा, जमीन ५ एकर. रब्बीत पाणी २६ पाळ्या. एक पाळी म्हणजे एका एकराचे एक भरणे. एकरी कांद्याला १० पाळ्या लागतात, हरभऱ्याला २. खर्च वजा जाता कांद्याचे एकरी २०,००० रुपये उरतात, हरभऱ्याचे ९,०००.

या रीतीत उत्तर मर्यादांच्या टोकावर सापडते. म्हणून तीन टोके तपासू :

१) नुसता कांदा : २.६ एकरांतच पाणी संपते, बाकी रान पडीक. नफा ५२,०००.

२) नुसता हरभरा : ५ एकर पेरून १६ पाळ्या उरतात. नफा ४५,०००.

३) कांदा २ एकर, हरभरा ३ एकर : जमीन, पाणी दोन्ही पुरेपूर कामी. नफा ६७,०००. हीच वाटणी सरस.

शेजाऱ्याकडून एक जादा पाळी घ्यायचीय? तिच्यावर ५ गुंठे हरभऱ्याच्या जागी कांदा होतो. नफा १,३७५ रुपयांनी वाढतो. त्याहून महाग पाणी घेऊ नका. आणि कांद्याचा एकरी नफा ९,००० च्या खाली जाईल असे दिसले, तर सगळा हरभराच बरा.

पेरणीआधी आपले आकडे घालून वहीत हिशेब मांडा. मजूर आणि भांडवल यांची मर्यादाही धरा.