मोठ्या माशीचा मोसम

जून सरत आला की अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅडिसन नदीच्या काठची विलोची झुडपं किड्यांनी लगडतात. किडा चांगला दोन इंच लांब, नारिंगी पोटाचा आणि उडण्यात अगदीच बोजड. तो मानेवर चढतो, शर्टाच्या कॉलरमधून आत शिरतो. चावत नाही, डसत नाही. तरी नवख्या माणसाची तारांबळ उडतेच. पण याच दिवसांसाठी रजा राखून ठेवणारी माणसं लांबलांबहून तिथं येतात. कारण झुडपांखालच्या पाण्यात ट्राउट मासाही याच किड्यावर टपलेला असतो.

या किड्याला तिथं ‘सॅमनफ्लाय’ म्हणतात. त्याचं तीन-चार वर्षांचं बालपण नदीच्या तळाशी, दगडांखाली, कुजका पाला खाण्यात जातं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी बारा-तेरा अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की तो रांगत काठावर येतो, दगडावर किंवा फांदीवर कात टाकतो आणि त्याला पंख फुटतात. पुढचं आयुष्य थोड्या दिवसांचं. मीलन झालं की मादी पाण्यावर घिरट्या घालत अंडी सोडते आणि त्या धडपडीत पुष्कळदा पाण्यातच पडते. नदी खालच्या अंगाला आधी तापते, म्हणून किड्यांची ही लाटही रोज थोडी थोडी वर सरकते. ‘आज कुठवर पोचली?’ हा त्या दिवसांत काठावरच्या प्रत्येक दुकानातला पहिला प्रश्न. त्यातच डोंगरावरचं बर्फ उशिरा वितळलं तर नदी ऐन मोक्याला गढूळ होऊन फुगते आणि राखून ठेवलेली रजा वाया जाते.

एवढ्या एका किड्याचं इतकं कौतुक का, हे कळायला ट्राउटचा स्वभाव माहीत हवा. हा थंड पाण्यातला मासा. महाराष्ट्रातल्या नद्या त्याला सोसायच्या नाहीत. भारतात तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीत आहे, तोही इंग्रजांनी आणून सोडलेला. एरवी त्याचं बरंचसं पोट चिलटाएवढ्या किड्यांवर भरतं. तेव्हा त्याला फसवायला तांदळाच्या दाण्याएवढी नक्कल आणि केसासारखा बारीक धागा लागतो. थोरला, मुरलेला ट्राउट तर दिवसा वर येण्याच्या भानगडीतच फारसा पडत नाही. पण एका घासात दोन इंचांचं जेवण मिळत असेल, तर तोही भीड सोडतो.

गळाला गांडूळ लावून बसणं निराळं आणि फ्लाय फिशिंग निराळं. इथं आमिष खोटं असतं. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेल्या या किड्याला म्हणायचं ‘फ्लाय’. तिला वजन जवळपास नसतंच, म्हणून जाड, वजनदार दोरीच काठीनं मागे-पुढे झुलवून फेकतात आणि फ्लाय तिच्यामागून जाते. युक्ती जुनी आहे. मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे पकडतात, असं एलियन या रोमन लेखकानं इसवी सनाच्या २०० च्या सुमारास नोंदवून ठेवलं आहे.

मोठी फ्लाय बनवताना खरी अडचण ती तरंगती ठेवण्याची. हरणाचे केस आतून पोकळ असतात, म्हणून ते वापरात आले. वेस्ट यलोस्टोनच्या पॅट बार्न्सनं सॅमनफ्लायची जी नक्कल केली, ती इतकी गुबगुबीत होती की तिचं नावच ‘सोफा पिलो’ पडलं. मिझूला गावच्या नॉर्मन मीन्सच्या ‘बनियन बग’ला नॉर्मन मॅक्लीनच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६) या पुस्तकात मानाची जागा आहे. १९९२ साली रॉबर्ट रेडफर्डनं त्यावर चित्रपट काढला आणि मोंटानाच्या नद्यांवर नवशिक्यांची झुंबड उडाली. पुढे पिसं-केसांच्या जोडीला फोम आणि रबराचे पाय आले. युटातल्या ग्रीन नदीवरच्या वाटाड्यांनी काळ्या फोमचा एक पुष्कळ पायांचा अगडबंब प्राणी तयार केला आणि त्याला ‘चेर्नोबिल अँट’ म्हणू लागले. निसर्गातल्या कुठल्याच मुंगीशी त्याचं साम्य नाही. ट्राउटची त्याबद्दल तक्रार नाही.

सॅमनफ्लाय संपली की जुलै-ऑगस्टमध्ये पाळी नाकतोड्यांची. माळावरचं गवत वाळतं, दुपारी वारा सुटतो आणि उडी चुकलेले नाकतोडे नदीत येऊन पडतात. हा किडा पाण्यातला नव्हेच, त्यामुळे पडला की नुसते पाय झाडतो. त्याच्या नकलेनं खेळणाऱ्याला नाजूकपणा सोडावा लागतो. एरवी फ्लाय पाण्यावर अलगद उतरावी लागते; इथं ती टपकन पडलेली बरी. जागा ठरलेली: पाण्यानं खालून पोखरलेला काठ, वर झुकलेलं गवत आणि त्याच्या सावलीत वीतभर आत. तीन हात लांब पडली की वाया. काहीजण तिच्या गळालाच हातभर धागा बांधून खाली एक छोटी, बुडणारी नक्कल सोडतात. वरची फसली तर खालची आहेच.

चुकतात सगळे ते शेवटच्या क्षणी. मोठा मासा आरामात वर येतो, तोंड उघडतो. तो दिसताच हात आपसूक झटका देतो आणि फ्लाय त्याच्या उघड्या जबड्यातून परत येते. या चुकीवरचा एक तोडगा न्यूझीलंडचा. तिथं उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि नाकतोड्यापेक्षा मान सिकाडाला, त्या झाडावर किर्र ओरडणाऱ्या किड्याला. ट्राउट तिथला नव्हे, त्याची अंडी १८६७ साली टास्मानियाहून आणलेली. तिथले वाटाडे पाहुण्यांना सांगत, की माशानं तोंड मिटलं की मनात ‘गॉड सेव्ह द क्वीन’ म्हणा आणि मगच काठी उचला.

जे ऊन किड्यांना बाहेर काढतं, तेच ट्राउटच्या मुळावर येतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. वीस अंशांपुढे माशाला धाप लागते. बहुतेक गळवाले मासा धरून सोडून देतात, पण झुंजून दमलेला मासा अशा पाण्यात सोडूनही वाचेलच असं नाही. म्हणून मोंटानात पाण्याचं तापमान सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ सेल्सिअसला पोचलं की त्या पट्ट्यात दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात. सकाळचं पाणी त्यातल्या त्यात गार असतं, म्हणून ही वेळ.

नाकतोडेवाल्यांची त्यामुळे भलतीच कोंडी होते. पहाटेच्या गारठ्यात नाकतोडा गवताला चिकटून असतो. अंगाला ऊन लागून तो उड्या मारायला लागेतो दहा-अकरा वाजतात, वारा तर त्याहून उशिरा सुटतो, आणि ऐन रंगात आल्यावर काठी गुंडाळायची वेळ होते. मग कुणी डोंगरातल्या उंच, गार ओढ्यांकडे वळतं; तिथले कटथ्रोट ट्राउट लहान, पण भोळे. कुणी धरणाखालची नदी गाठतं. ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरणाच्या जलाशयातून खोलवरचं पाणी सोडलं जातं, त्यामुळे भर ऑगस्टातही ते गार असतं आणि काळ्या फोमची ती ‘मुंगी’ दिवसभर चालते.