बॅकअपची टेप रखडते तेव्हा



दरवेळी या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. यावेळचा विषय जरा वेगळा आहे. "शेतकी खात्याला कॉम्प्युटरची उठाठेव कशाला?" असे कोणी म्हणेल. पण उसाची नोंद आमच्याच खात्याकडे असते, आणि ती आता वहीत नसून सर्व्हरमध्ये असते. लागणीची तारीख, गट नंबर, जात, क्षेत्र, तोडणीची क्रमपाळी, काट्यावरचे वजन, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, सगळे तिथेच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचे असते. ते बिल याच माहितीवर निघते. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

गेल्या गळीत हंगामात काही दिवस गट ऑफिसात सकाळी आलेल्या सभासदांना "थांबा, सर्व्हर स्लो आहे" हे ऐकून ताटकळावे लागले. काट्यावर वजन पडायला वेळ लागायचा आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढायची. तुटलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन कोणाचे घटते, हे सांगायला नको. चौकशी केली तेव्हा कळले, की रात्री सुरू केलेला बॅकअप सकाळ उजाडली तरी चालूच असायचा. काटा अडतो म्हणून कधीकधी तो अर्धवट बंद करावा लागे. म्हणजे काही रात्रींचा पुरा बॅकअप आपल्याकडे नव्हताच. हे सभासदांपासून लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत सर्व्हर बिघडला असता तर वजनाचा हिशेब पावत्या गोळा करून जुळवावा लागला असता.

टेप कशासाठी?

बॅकअप म्हणजे माहितीची दुसरी प्रत. बेण्याचा प्लॉट आपण वेगळा राखतो, त्यातलाच प्रकार. ही प्रत आपण चुंबकीय टेपवर घेतो. "टेप म्हणजे जुन्या कॅसेटचा जमाना," असे तरुण मंडळी म्हणतात. पण एलटीओ प्रकारची टेप 2000 साली निघाली आणि आजही मोठमोठ्या ठिकाणी वापरात आहे. उसात जशा एकामागून एक नव्या जाती येतात, तशा हिच्याही पिढ्या आल्या. सहाव्या पिढीची टेप अर्धा इंच रुंद आणि 846 मीटर लांब असते. तिच्यात 2.5 टीबी माहिती मावते. टेपचा मोठा गुण असा, की ती काढून कपाटात ठेवता येते. सर्व्हरमध्ये व्हायरस शिरून सगळे कुलूपबंद झाले, तरी कपाटातल्या टेपला तो हात लावू शकत नाही.

हिशेब काय सांगतो

या सहाव्या पिढीच्या टेप ड्राइव्हचा वेग सेकंदाला 160 एमबी असतो. समजा 1 टीबी माहिती आहे. पूर्ण वेगाने ती पावणेदोन तासांत उतरते. तोच वेग 20 एमबीवर आला तर जवळजवळ 14 तास लागतात. रात्री दहाला सुरू केलेले काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपणार! आपले दुखणे नेमके हेच होते.

पहिला सल्ला मिळाला तो, "ड्राइव्ह म्हातारं झालंय, नवीन घ्या." खर्च मोठा होता. आम्ही म्हटले, आधी रोग ओळखू, मग औषध. पान पिवळे पडले म्हणून कोणी डोळे झाकून युरिया टाकत नाही. लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचलेय, हे बघावे लागते.

मिल दोषी की गव्हाण?

गाळप कमी झाले की आपण आधी गव्हाणीकडे बघतो. गव्हाणीत ऊसच पडत नसेल तर मिल काय करणार? टेपचेही तसेच आहे. ड्राइव्हला लागोपाठ माहिती मिळाली तर ती भराभर लिहिते. पुरवठा थोडा कमी असला तर ती आपली चाल मंद करून जुळवून घेते. पण साधारण पूर्ण वेगाच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली पुरवठा गेला, की तिला थांबावेच लागते.

आणि थांबणे हेच महाग पडते. उसाने भरलेला दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्या जागी थांबत नाही, तो पुढे जातोच. मग तो मागे घ्यायचा म्हणजे काय व्याप, ते ड्रायव्हरला विचारा. टेपही वेगाने पळत असते. माहिती संपली की ती पुढे सरकून थांबते, मग उलटी फिरून मागे येते आणि पुन्हा धाव घेऊन राहिलेल्या जागेपासून लिहू लागते. हे पुढे-मागे रात्रभर चालले की वेळ तर जातोच, शिवाय टेप आणि तिचे हेड दोन्ही झिजतात. म्हणजे हळू चालणारी टेप नुसती हळू नसते, ती खराबही होत असते.

आम्ही काय तपासले

आमच्या संगणक विभागातल्या मंडळींना बरोबर घेऊन आम्ही एकेक गोष्ट वेगळी काढून बघितली. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिली चाचणी: सर्व्हरच्याच डिस्कवरची एक भली मोठी फाइल टेपवर घेतली. टेप झपाट्याने चालली. म्हणजे ड्राइव्ह आणि तिची केबल ठणठणीत होती. नव्या ड्राइव्हचा खर्च इथेच वाचला.

दुसरी चाचणी: सातबारा, पासबुक आणि प्लॉटचे फोटो ज्या फोल्डरमध्ये आहेत ते घेतले. लगेच वेग कोसळला. यात लाखो बारीक फाइली आहेत. प्रत्येक फाइल शोधायची, उघडायची, वाचायची, मिटायची. वरून अँटीव्हायरस प्रत्येकीची झडती घेणार. मोळी बांधून ऊस भरणे आणि एकेक कांडे उचलून भरणे, एवढा हा फरक आहे.

तिसरी चाचणी: काट्यावरच्या कॉम्प्युटरमधली माहिती नेटवर्कवरून घेतली. इथे वेग सेकंदाला 11 एमबीच्या वर जाईना. हा आकडा दिसला की ओळखावे, लाइन 100 एमबीपीएसवर अडकली आहे. 100 ला 8 ने भागले की साडेबारा येतात, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळते. बघितले तर केबलचे टोक खराब होते. ते बदलल्यावर लाइन दहापट रुंद झाली.

उपाय

एक, बारीक फाइली थेट टेपवर पाठवणे बंद केले. आधी वेगळ्या डिस्कवर सगळ्यांची एक मोठी फाइल, म्हणजे मोळी, बांधतो. वजनाच्या डेटाबेसचीही रीतसर प्रत आधी तिथेच काढतो. मग त्या डिस्कवरून टेपवर. टेप दिवसा चालली तरी काट्याला त्रास नाही.

दोन, मोळी बांधताना अँटीव्हायरसची दुबार झडती होणार नाही अशी वेळ लावली. झडती दुसऱ्या वेळी होतेच, ती बंद केलेली नाही.

तीन, टेपवर एका घासाला जाणारी माहिती 64 केबीवरून 256 केबी केली. हा बदल करणाऱ्याने जुन्या टेप नव्या मापावर वाचता येतात का, हे आधी बघावे.

चार, माहिती दाबून लहान करण्याचे काम ड्राइव्ह स्वतः करते. सॉफ्टवेअरनेही तेच करणे म्हणजे दुप्पट मेहनत, ते बंद केले.

पाच, स्वच्छता. आपल्याकडे बगॅसची धूळ आणि चिमणीची राख कायम. सर्व्हरची खोली बंद आणि थंड ठेवावी. पण सफाईची कॅसेट ड्राइव्हने मागितली तरच घालावी. उगाच रोज घातली तर हेड झिजते.

या सगळ्यानंतर बॅकअप पहाटेच्या आत आटपू लागला आणि सकाळची रांग मोकळी झाली.

राहिलेली मोठी गोष्ट

वेग आला म्हणजे काम झाले असे नाही. टेपवरची माहिती परत काढून बघितली तेव्हा एक जुनी टेप पुरती वाचताच आली नाही. तीच माहिती दुसऱ्या टेपवर होती म्हणून निभावले. उगवण बघितल्याशिवाय आपण बेणे चांगले म्हणत नाही, तसे परत काढून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असे म्हणू नये. आता आम्ही दर महिन्याला एका गटाची नोंद टेपवरून काढून चालू नोंदीशी ताडून बघतो, आणि एक टेप कारखान्याच्या आवाराबाहेर ठेवतो.

सभासदांना विनंती एवढीच, की वजनाची पावती बिल हाती पडेपर्यंत जपून ठेवावी आणि लागणीची नोंद केल्यावर तारीख व क्षेत्र तिथल्या तिथे वाचून घ्यावे. चूक भरली गेली तर टेप चुकीचीच प्रत जपून ठेवील. आणि वार्षिक सभेत आम्हाला जरूर विचारावे: शेवटचा पुरा बॅकअप कधी झाला? तो परत काढून कधी बघितला? टेप कुठे ठेवली आहे? या तिन्हींचे उत्तर तारखेसह देणे आमचे काम आहे.

ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग