रणजीचा धावफलक कसा वाचावा?

थंडीचे दिवस असतात. जुन्नरकडच्या द्राक्षबागांत विरळणी चाललेली असते, शिवनेरीवरचे धुके ऊन चढेपर्यंत हलत नाही, आणि मंचर असो वा नारायणगाव, एस.टी. स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकच वर्तमानपत्र पाच-सात जणांत वाटून वाचले जाते. पहिले पान एकाकडे, बाजारभाव दुसऱ्याकडे. क्रीडेचे पान ज्याच्या हाती पडते, तो त्या घटकेचा राजा! त्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, चार ओळींचा एक मजकूर असतो : महाराष्ट्र, पहिला डाव, इतक्या धावा, इतके बळी. हल्ली मोबाईलवर चेंडूगणिक धावसंख्या कळते, तरी त्या चार ओळींवरून होणारी चर्चा काही थांबलेली नाही. कोणाचे शतक झाले की टपरीवर लगेच प्रश्न येतो, "हा इंडिया खेळणार का?"

या प्रश्नावर आमच्याकडे जितका वाद होतो, तितका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरही होत नसेल. वादाला माझी हरकत नाही. पण पुष्कळदा हा वाद धावफलक न वाचताच होतो. म्हणून रणजीचा धावफलक कसा वाचावा आणि त्यावरून खेळाडूच्या भवितव्याचा अंदाज कसा बांधावा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपला संघ कोणता ते पाहू. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. आपल्या राज्यात मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ आहेत. जुन्नर-आंबेगावचा मुलगा यांपैकी महाराष्ट्राच्या पदरात पडतो. या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. पुढे १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण तिन्ही वेळा करंडकाने हुलकावणी दिली. साखळीतील सामना चार दिवसांचा असतो. निर्णायक विजयाला ६ गुण, आणि विजय डावाने किंवा दहा गडी राखून असेल तर आणखी १. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि मागे राहणाऱ्याला १ गुण मिळतो. ही गुणपद्धती लक्षात ठेवली म्हणजे एक गोष्ट उलगडते. पहिल्या डावातील आघाडीसाठी झगडून काढलेल्या ऐंशी धावा, सामना निर्जीव झाल्यावर चौथ्या दिवशी काढलेल्या शतकाहून मोलाच्या असू शकतात. तेव्हा शतक पाहण्याआधी ते कोणत्या डावातले, हे पाहावे.

आता मुख्य प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न असा, की धावा कोणाविरुद्ध आणि कोठे झाल्या? डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्या वेळचा जागतिक विक्रम ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा. निंबाळकर त्याहून नऊ धावांनी मागे असताना विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला! त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात कसोटी सामने खेळत होता. तरीही निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी खेळावयास मिळाली नाही. प्रतिस्पर्धी दुबळा होता असे म्हणणारे म्हणतील, आणि त्या म्हणण्यात थोडे तथ्यही असेल. अलीकडचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध नाबाद ६०६ धावांची भागी केली. दोघांचीही त्रिशतके झाली. पण अरुणाचलचा पहिला डाव ८४ धावांत आटोपला होता, हेही त्याच धावफलकात लिहिलेले आहे.

खेळपट्टीचेही तसेच. गहुंजे येथील मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत संपले, आणि ओकीफ या फिरकी गोलंदाजाने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे एकूण बारा बळी मिळवले. अशा खेळपट्टीवर गोलंदाजाचे सहा बळी पाहून हुरळून जाऊ नये, आणि फलंदाजाच्या चाळीस धावांना कमी लेखू नये. आपल्याकडे पाऊस किती झाला हे कळल्याशिवाय पिकाची तुलना कोणी करत नाही. क्रिकेटमध्येही तोच न्याय लावला पाहिजे.

दुसरा प्रश्न : ही कामगिरी एका डावाची की अनेक मोसमांची? ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर महाराष्ट्र आणि दिल्ली यांचा सामना झाला. त्या मोसमात रणजी सामने त्रयस्थ मैदानांवर होत असत. महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळेने नाबाद ३५१ आणि अंकित बावणेने नाबाद २५८ धावा केल्या. नाबाद ५९४ धावांची ती भागी त्या वेळी रणजीतील सर्वांत मोठी होती. उत्तरादाखल दिल्लीच्या एकोणीस वर्षांच्या ऋषभ पंतने ३०८ धावा काढल्या. आघाडी महाराष्ट्राला मिळाली, पण पुढच्या फेब्रुवारीत भारताची टोपी मिळाली ती पंतला. टपरीवर त्या वेळी बराच संताप झाला होता. मात्र त्याच मोसमात पंतने झारखंडविरुद्ध ४८ चेंडूंत शतक केले होते, आणि तो यष्टिरक्षकही होता. निवड समितीने एक डाव पाहून निर्णय केला, असे म्हणता येत नाही.

याउलट सातत्य दाखवूनही ताटकळावे लागते, याचे उदाहरण मुंबईच्या सर्फराज खानचे. रणजीत २०१९-२० मध्ये ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा करूनही त्याला पहिली कसोटी मिळाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, राजकोटला. आपल्या केदार जाधवने २०१३-१४ च्या रणजी मोसमात सर्वांत जास्त, म्हणजे १२२३ धावा केल्या आणि पुढच्या वर्षी तो भारतातर्फे खेळला. पण एकदिवसीय सामन्यात. चार दिवसांच्या क्रिकेटात त्रिशतक काढणाऱ्या या फलंदाजाला कसोटी लाभली नाही.

तिसरा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही : जागा रिकामी आहे का? मैदानावर अकराच खेळतात. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी रणजीत ६३७ बळी घेतले, मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. आणि त्यांच्या ऐन भरात भारताकडे त्याच जातीचा गोलंदाज कोण होता? बिशनसिंग बेदी. नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगलोरच्या कसोटीत बेदी संघात नव्हते. गोयल यांना बोलावण्यात आले, पण अंतिम अकरांत घेतले नाही. त्याच कसोटीत पुण्याच्या हेमंत कानिटकरांनी पदार्पण केले आणि पहिल्याच डावात ६५ धावा काढल्या. त्यांनाही त्यानंतर एकच कसोटी मिळाली. एकाच सामन्यात एकाला दार उघडले, दुसऱ्याला उंबऱ्यावरून परत फिरावे लागले. आणि ज्याला उघडले त्याच्यामागेही ते लवकरच मिटले.

चौथा प्रश्न वयाचा. येथे कला शाखेच्या विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा असे एक नाव घेतले पाहिजे. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. १९२६ मध्ये भारतात आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या होत्या. पण भारताची पहिली अधिकृत कसोटी १९३२ मध्ये झाली, तेव्हा ते चाळीस वर्षांचे झाले होते. कसोटीचे दार उघडायलाच उशीर झाला, त्याला ते काय करणार? महाराष्ट्राला दोन्ही वेळा करंडक मिळाला तो मात्र त्यांच्याच नेतृत्वाखाली. पन्नाशीला टेकले असताना त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावांची खेळी केली, आणि १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यातील दोन्ही डावांत शतके काढली.

आणि निवड झाली की सारे झाले, असेही नाही. आळेफाट्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की पुढे घाट उतरताच संगमनेर तालुक्यातील चंदनापुरी लागते. अजिंक्य रहाणेचे मूळ गाव ते. तो वाढला डोंबिवलीत आणि खेळला मुंबईकडून, तरी आमच्याकडची मंडळी त्याला 'शेजारचा' म्हणतात! २००८-०९ च्या रणजी मोसमात त्याने १०८९ धावा केल्या. कसोटी संघात येऊनही त्याने सुमारे सोळा महिने बाहेर बसून काढले. अखेर मार्च २०१३ मध्ये दिल्लीला संधी आली, आणि धावा झाल्या ७ व १. त्या संध्याकाळी टपरीवर "झालं, संपला!" असा निकाल लागला होता. सुदैवाने निवड समिती टपरीवर बसत नाही. त्याच वर्षअखेर डर्बनला त्याने नाबाद ५१ आणि ९६ धावा काढल्या, आणि पुढच्या वर्षी लॉर्ड्सवर शतक झळकावले.

येथवर आपण अंदाज कसा बांधावा ते पाहिले. पण हे सारे लिहिण्यामागे माझा आणखी एक हेतू आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. जत्रेतल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत त्याच्या वेगाचा दरारा असे. चामड्याचा चेंडू त्याने हाती धरला तो एकोणिसाव्या वर्षी, कारण तोवर आसपास तो कोणी खेळतच नव्हते. एकदा पहाटेच्या एस.टी.ने तो पुण्याला एका निवड चाचणीला गेला. दोन षटके टाकायला मिळाली आणि रात्री परत आला. दुसऱ्या दिवशी टपरीवर सर्वांदेखत मी त्याला विचारले, "काय रे, झालं का सिलेक्शन?" तो म्हणाला, "नाही, सर." मग कोणीतरी हसले आणि विषय बाजाराकडे वळला. त्याने चेंडू कसा टाकला, टप्पा कोठे पडला, समोरचा फलंदाज चुकला का, हे मी विचारलेच नाही. शिक्षक असूनही मी केवळ निकाल विचारला.

धावफलक वाचतानाही आपण हेच करतो. "इंडिया खेळला का?" या एका मापाने मोजले तर निंबाळकर नापास, गोयल नापास, शिवलकर नापास. पुण्याचे सुरेंद्र भावे महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षे धावा काढत राहिले, तेही नापास. मात्र पुढे राष्ट्रीय निवड समितीवर बसून इतरांची निवड करण्याचा मान त्यांना मिळाला. अमोल मुजुमदारने १९९३-९४ च्या मोसमात पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या, आणि प्रथम श्रेणीतील अकरा हजारांहून अधिक धावा जमवून तो भारतातर्फे न खेळताच निवृत्त झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी हा दुहेरी पल्ला सर्वप्रथम गाठणारा जलज सक्सेना २०२५-२६ च्या मोसमात महाराष्ट्राकडून मैदानात उतरला, तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती आणि भारताची टोपी त्याला मिळालेली नव्हती.  ज्या खेळाला आपण केवळ पायरी समजतो, त्या खेळात या माणसांनी आपली वीस-वीस वर्षे घातली आहेत. पायरीवर कोणी इतका काळ उभा राहत नाही.

माझ्या विद्यार्थी मित्रांनो, वाद अवश्य घाला. कोणाविरुद्ध, कोणत्या खेळपट्टीवर, किती मोसम, जागा आहे का, वय काय, हे प्रश्न विचारून घाला. पण त्याआधी तो सामना सामना म्हणून वाचा. स्पर्धा परीक्षेला बसलेल्या आपल्या मित्रालाही, यादीत नाव आले का हे विचारण्याआधी, काय वाचलेस ते विचारा.

तो मुलगा आता बाग सांभाळतो. रविवारी गावच्या मैदानात चटई अंथरून दहा-बारा पोरांना चामड्याच्या चेंडूने खेळवतो. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम तिकडे गेलो आणि इतक्या वर्षांनी राहिलेला प्रश्न विचारला, "त्या दिवशी पुण्याला कशी टाकली होतीस रे?" तो क्षणभर गप्प राहिला. मग खाली वाकला आणि चटईवर बोटाने एक जागा दाखवून म्हणाला, "सर, दुसऱ्या षटकाचा चौथा चेंडू इथं पडला होता. आत आला. बॅट आणि पॅडच्या मधून गेला."