पाच मिलिव्होल्टचं दशक

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानातून मी नव्वदच्या दशकात व्हॉल्व्ह आणायचो, ते बंद झालं. मालक थकले होते, मुलांना त्या धंद्यात रस नव्हता. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसतात. त्याच सुमारास ओळखीतल्या एका तरुणाने नवा 'ट्यूब', म्हणजे व्हॉल्व्हचा, फोनो प्रीअँप्लिफायर मोठ्या हौसेने दाखवायला आणला. काचेतून छान नारिंगी उजेड येत होता. खालचं झाकण काढलं तेव्हा कळलं की तो उजेड व्हॉल्व्हच्या बुडाशी बसवलेल्या एलईडीचा आहे, आणि रेकॉर्डवरून आलेल्या सिग्नलचं सगळं खरं काम एक बारकी आयसी करते आहे. व्हॉल्व्ह शेवटाला नावापुरता जोडलेला. त्या मुलाचा यात काहीच दोष नाही. पूर्वी त्याला दुकानदारानेच सावध केलं असतं. आता तसा दुकानदार उरलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

फोनो प्रीअँप्लिफायरचा आधीचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. १९४८ साली कोलंबियाने एलपी आणली. नंतरची काही वर्षं प्रत्येक कंपनी रेकॉर्ड कापताना खर्ज किती दाबायचा आणि तार सूर किती उचलायचे, हे आपल्या मर्जीने ठरवत होती. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने एक वक्र ठरवला, तो आरआयएए. वीस हर्ट्झच्या आसपासचा आवाज रेकॉर्डवर सुमारे २० डेसिबलने कमी करून कोरायचा, वीस हजारांजवळचा तेवढाच वाढवून कोरायचा, आणि ऐकताना प्रीअँप्लिफायरने हे बरोबर उलटं करायचं. मग मॅरँट्झ ७ आला, मॅकिंटॉशचे, क्वाडचे प्रीअँप आले. आपल्या घरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप असे. त्यातून सिग्नलच इतका मोठा निघे की फोनो प्रीअँपची गरजच पडत नसे. साठ आणि सत्तरची दशकं या विषयापुरती तरी मला कोरडीच वाटतात.

खरी मजा आली ती सगळे रेकॉर्ड फेकून देऊ लागले तेव्हा. कॅसेटने एलपीचं कंबरडं आधीच मोडलं होतं, नव्वदच्या दशकात सीडीने उरलेलं काम केलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोर बाजारात, किशोरीताईंच्या, मन्सूरांच्या, भीमसेनांच्या एलपींचे गठ्ठे जमिनीवर पडलेले असत. एका नामवंत शोरूममधल्या विक्रेत्याने माझ्या समोर एका म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितलं होतं, की काका, त्या तबकड्या भंगारात द्या, आता आवाज कायमचा निर्दोष झालाय. त्या गृहस्थांनी खरंच दिल्या. त्या विक्रेत्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही काही मंडळी उलट्या दिशेने निघालो होतो. टर्नटेबल पडेल किमतीत मिळत. परदेशातून येणारा कोणी ना कोणी शुअरचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आणून देई. त्यातून निघतात तीन ते पाच मिलिव्होल्ट. एवढ्याशा विजेला शंभरपट मोठं करायचं आणि तेही आरआयएएच्या वक्रातून. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी ८३ व्हॉल्व्ह तेव्हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून सहज मिळत, कारण रेडिओवाल्यांना ते नकोसे झाले होते. आज तेच व्हॉल्व्ह परदेशातले हौशी लोक शोधत फिरतात.

आमचे गुरू होते आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक अभियंता. आम्ही त्यांना काका म्हणत असू. मलार्ड कंपनीचं १९५९ सालचं सर्किटांचं पुस्तक त्यांच्याकडे जिवापाड जपलेलं होतं. पण त्यांचा भर पुस्तकावर नव्हता, क्रमावर होता. कोणी प्रीअँप घेऊन आलं की ते त्याला हात लावायच्या आधी टर्नटेबलकडे वळत. सुई झिजली आहे का, वजन कंपनीने सांगितलंय तितकं आहे का, कार्ट्रिज आर्ममध्ये सरळ बसलंय का. हे चुकलं असेल तर पुढे सोन्याचा व्हॉल्व्ह लावूनही उपयोग नाही, असं ते बजावत.

मग अर्थिंग. फोनो प्रीअँपमधली गुणगुण हा या छंदातला सगळ्यात मोठा शत्रू, आणि त्याचं कारण खुद्द वक्रातच आहे. एक किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला आरआयएए सातपट उचल देतो, शंभरला साडेचारपट. म्हणजे मेन्सची गळती आणि पॉवर सप्लायचा कंप, दोन्ही मोठे होऊन बाहेर येतात. आपल्या संगीताला याचा त्रास जास्तच होतो. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा मंद्र पंचम साधारण ९८ हर्ट्झवर लागतो. खाली शंभर हर्ट्झची गुणगुण असेल तर दोन्हींची झुंज लागून सेकंदाला दोनदा हेलकावा येतो आणि लागलेला तानपुरा बेसूर वाटतो. रॉक ऐकणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही. ख्याल ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात जाणवतं.

काकांचे उपाय साधे होते. टर्नटेबलची अर्थची तार प्रीअँपच्या चासीला, चासी एकाच ठिकाणी सिग्नलच्या अर्थला, आणि भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटात खरोखर अर्थ आहे का, हे आधी तपासायचं. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात, हातभर लांब. फिलामेंटच्या तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्यायच्या, आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला शक्यतो डीसी द्यायचा. पुण्यात संध्याकाळी मेन्स १९० पर्यंत खाली यायचा आणि मध्यरात्री २५० च्या वर चढायचा. ६.३ व्होल्टचं फिलामेंट अशा हेलकाव्यात नीट तापतही नाही आणि टिकतही नाही. म्हणून स्टॅबिलायझर ही आमच्याकडे चैन नव्हतीच. आणि आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. एक हात खिशात ठेवल्याशिवाय काका कोणाला आत हात घालू देत नसत.

तिसरी पायरी बहुतेक जण आजही गाळतात. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार लागतो हे सगळे पाठ म्हणतात, पण कपॅसिटन्सचं काय? ईसीसी ८३ च्या ग्रिड आणि अॅनोडमध्ये असते जेमतेम १.६ पिकोफॅरड. पण व्हॉल्व्ह साठपट वाढवत असेल तर आत येणाऱ्या सिग्नलला ती सुमारे शंभर पिकोफॅरड भासते. त्यात आर्मची आणि केबलची दीडशे धरा. एवढ्यात बऱ्याच कार्ट्रिजची मर्यादा गाठली जाते. त्यावर कोणी लांब, महागडी केबल लावली की वरच्या सुरांत एक उंचवटा तयार होतो, आणि तानपुऱ्याची जवारी कचकचीत वाजू लागते. लोक मग व्हॉल्व्हला दोष देतात आणि नवा व्हॉल्व्ह विकत घेतात. गरज असते केबल अर्धी करण्याची.

वक्राची अचूकता हा काकांचा ध्यास. स्टॅनली लिपशिट्झ यांनी १९७९ मध्ये वक्र घडवणाऱ्या सर्किटच्या जाळ्याची गणितं काटेकोर मांडली, तोवर कित्येक नामांकित यंत्रांतही वक्र चुकलेला होता. आम्ही बुधवार पेठेतून कंडेन्सर आणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ब्रिजवर मोजून जोड्या लावत असू. डावा आणि उजवा चॅनल एक टक्क्यात जुळला पाहिजे. 'ट्यूबचा आवाज ऊबदार असतो' हे वाक्य ऐकलं की माझा आजही संताप होतो, तो यामुळेच. नीट बांधलेला व्हॉल्व्हचा फोनो ऊबदार नसतो, तो मोकळा आणि स्पष्ट असतो. ऊब म्हणून जे विकलं जातं ते बहुतेकदा बसलेला तार भाग आणि फुगलेला खर्ज असतो, म्हणजे चुकलेला वक्र.

बालगंधर्वांच्या, केसरबाईंच्या ७८ च्या तबकड्यांचं तर आरआयएएने नुकसानच होतं. एचएमव्हीच्या त्या काळच्या विद्युत मुद्रणात खर्जाचं वळण ढोबळमानाने २५० हर्ट्झवर असे आणि तार मुद्दाम उचललेली नसे. आरआयएए मात्र दहा हजार हर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापून टाकतो. गाणं गोधडीखालून आल्यासारखं होतं. काकांनी प्रीअँपला मागे एक बटन बसवलं होतं. ते दाबलं की तार कापणारा ७५ मायक्रोसेकंदांचा टप्पा निघून जाई आणि खर्जाचा ३१८ चा टप्पा ६३६ वर सरके. सुईही वेगळी, तीन मिलची, एलपीच्या सुईच्या कितीतरी पट जाड. ते बटन दाबल्यावर गंधर्वांच्या गळ्यातली फिरत जशी समोर आली, तशी मी नंतरच्या कुठल्याही 'सुधारित' सीडीवर ऐकलेली नाही. त्या सीडींवर खरखर पुसताना आवाजाचा श्वासही पुसला गेलेला असतो.

दशक संपता संपता मंडळी पांगली. २००० नंतर भारनियमन आणि फ्लॅटमधल्या अपुऱ्या जागा, मग एमपी३. ती वर्षं मी आठवत नाही. २०१६ मध्ये मुंबईतल्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान बंद झालं, २०१८ मध्ये शुअरने कार्ट्रिज बनवणंच थांबवलं. २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध लादलं गेलं आणि रशियातून येणारे व्हॉल्व्ह अडले तेव्हा सगळ्या जगाला कळलं की नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात. भारत इलेक्ट्रॉनिक्ससारखा आपला कारखाना असताना आपण ते ज्ञान का सोडून दिलं, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

आता रेकॉर्डची लाट पुन्हा आली आहे, याचा आनंद आहेच. पण काका गेले, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या वह्या रद्दीत दिल्या. त्यात प्रत्येक सर्किटच्या मोजमापासकट सगळं होतं. तुमच्या घरात, शेजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात अशी वही असेल, तर या आठवड्यातच तिच्या पानापानाचे फोटो काढून ठेवा. आणि असा कारागीर अजून हयात असेल, तर नवा व्हॉल्व्ह मागवण्याआधी त्याला जाऊन भेटा.